कासचं कुंपण आणि पाण्याचे दिवस

साताऱ्याच्या पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर, सुमारे १,२०० मीटर उंचीवर कासचं पठार आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत घेतली. त्यांतली चार महाराष्ट्रातली : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. वारशाचा शिक्का बसला तशी गर्दी उसळली. ती आवरायला लोखंडी जाळी उभी राहिली, जाळीच्या आतली चराई बंद झाली, दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आली. काही हंगाम गेले आणि तक्रार ऐकू येऊ लागली की फुलं घटली, गवत माजलं. पुढे जाळी काढण्यात आली.

जाळीमुळे फुलं घटली का, यावर अजून वाद होतो. एक बाजू म्हणते, गुरं हवीतच, शेण आणि खुरांशिवाय फुलं येत नाहीत. दुसरी म्हणते, गुरं आणि माणसं दोन्ही बाहेर ठेवा. दोन्हीकडचे लोक ‘पठार’ हा शब्द असा वापरतात, जणू ते एकच शेत आहे. घोळ इथेच आहे. कासवर पाच-सहा वेगवेगळे वनस्पतिसमुदाय एकमेकांना खेटून राहतात आणि एकाला मानवणारी गोष्ट दुसऱ्याच्या मुळावर येते. प्रश्न समुदायागणिक विचारला तरच त्याला उत्तर मिळतं.

याची ओळख पटायला आधी एका दूरच्या मुलखाकडे बघू. कॅनडाच्या सखल भागात, बाल्टिक किनाऱ्यालगत, रशियाच्या उत्तरेला पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजून साठलेल्या वनस्पतींच्या थराच्या, दलदली आहेत. त्यांवर सूचिपर्णी झाडं उभी असतात : कॅनडात काळा स्प्रूस आणि टॅमरॅक, युरोपात स्कॉट्स पाइन. झाडं म्हणायची, पण शंभरी गाठलेला पाइन कधीकधी दोन-तीन मीटरच्या पुढे गेलेला नसतो. मुळं वरच्या वीतभर-दोन वीत थरातच पसरतात, कारण त्याखाली पाणी साचलेलं आणि प्राणवायू नाही. जमिनीवर स्फॅग्नम शेवाळाची गादी. हे शेवाळ स्वतःच्या कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरतं आणि भोवतालचं पाणी आम्लधर्मी करतं. अशा दलदलीला ओढ्याचं किंवा झऱ्याचं पाणी मिळत नाही, अन्न येतं ते पावसातून आणि वाऱ्यावरच्या धुळीतून. म्हणून तिथे दवबिंदू (ड्रॉसेरा) यासारख्या कीटक खाणाऱ्या वनस्पतींचं फावतं.

तिथले अभ्यासकही दलदलीला एकच समुदाय मानत नाहीत. शेवाळाचे उंचवटे आणि त्यांमधले खळगे यांच्या उंचीत हातभराचाही फरक नसतो, पण उंचवट्यावर लॅब्राडोर टीसारखी झुडपं आणि रोपटी धरतात, तर खळग्यात वेगळ्या जातीचं स्फॅग्नम, लव्हाळ्याच्या कुळातली कापूसगवतं आणि ड्रॉसेरा. ठरवणारी गोष्ट एकच : पाण्याची पातळी पृष्ठभागाखाली किती आहे. विसाव्या शतकात फिनलंडमध्ये सुमारे निम्म्या पीटभूमीत लाकडासाठी चर खोदले गेले. पातळी खाली गेली, पाइन जोमाने वाढले, वाढलेली झाडं स्वतःच आणखी पाणी उडवू लागली, आणि खळग्यांतलं स्फॅग्नम मागे हटलं. चराचा हा मुद्दा शेवटी पुन्हा येईल.

कास आणि ती दलदल यांत उपासमार सारखी आहे. दख्खनच्या बेसाल्टवर जांभ्याचा थर, त्यावर कुठे बोटभर तर कुठे वीतभर माती. जून ते सप्टेंबरच्या पावसात नायट्रोजन धुऊन जातो, आणि जांभ्यातलं लोह व ॲल्युमिनियम फॉस्फरस असा धरून ठेवतात की मुळांना तो मिळतच नाही. म्हणून इथेही ड्रॉसेरा आहे, युट्रिक्युलारिया (सीतेची आसवं) आहे. पण पीट नाही. पीट साठायला वर्षभर ओल आणि थंडी लागते. इथे नोव्हेंबरपासून मेपर्यंत कातळ तापतो, मातीत हवा शिरते, आणि उरलंसुरलं गवत वाळवी किंवा वणवा संपवतो. पश्चिम घाटात पीट सापडतं ते नीलगिरीत, २,००० मीटरच्या वर, खोलगट दऱ्यांत.

जांभ्याला पाणी धरून ठेवता येत नाही, हे इथलं मूळ सूत्र. तिकडे पाणी किती खोल ते मोजतात, इथे पाणी किती दिवस टिकलं ते मोजावं लागतं.

एका खळग्यातून कडेकडे

सड्यावरचा (सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार) कुठलाही मोठा खळगा घ्या आणि मधोमध उभं राहून कडेकडे चालत जा. पन्नास-साठ पावलांत बहुतेक सगळे पट्टे भेटतात.

मध्यभागी डबकं. पावसाळाभर पाणी उभं, कधी पुढे दिवाळीपर्यंत. तळाशी गाळ आणि त्यात कंद. इथला मानकरी वायतुरा, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा म्हणून हे नाव, आणि शास्त्रीय नावातच सातारा. १९८२ मध्ये शास्त्राला माहीत झालेली ही जात मोजक्या सड्यांपलीकडे सापडत नाही. कंद कोरड्या गाळात सात-आठ महिने निजून राहतो. मोठ्या, बारमाही पाण्यात कुमुदिनी असते, पण ते तळ्याचं प्रकरण आहे, सड्याचं नव्हे.

डबक्याच्या काठाला घोट्याइतकं किंवा त्याहून उथळ पाणी. पावसाने आठवडाभर उघडीप दिली की ते आटतं, सर आली की परत भरतं. जांभळ्या मंजिरीचे गालिचे इथे दिसतात, आणि जाडसर गेंद (एरिओकॉलॉन). वनस्पतीला हे आत-बाहेर सोसावं लागतं : आज देठ बुडालेला, परवा चिखल भेगाळलेला.

त्यानंतरचा पट्टा सगळ्यांत श्रीमंत आणि सगळ्यांत नाजूक. माती एक ते चार-पाच सेंटिमीटर, खाली सलग कातळ. पाणी उभं राहत नाही, पण वरच्या अंगाने झिरपत येणारा पाण्याचा पातळ पापुद्रा ऑगस्टभर हलत राहतो. अंगठा दाबला की भोवती पाणी उमटतं. बारीक गेंदाची पांढरी टोपणं, सीतेची आसवं, ड्रॉसेराच्या दोन जाती (जमिनीला चिकटलेलं लालसर चक्र असलेला दवबिंदू आणि उभा, लांब पानांचा गवती दवबिंदू), डायमेरिया आणि ग्लायफोक्लोआ ही बुटकी गवतं, लव्हाळ्याच्या कुळातलं फिम्ब्रिस्टायलिस. बहुतेक सगळ्या वर्षायू : जूनमध्ये बी रुजतं, सप्टेंबरात फुलतं, ऑक्टोबरअखेर बी गळून झाड संपतं. सीतेच्या आसवांचे सापळे चिखलात, मिलिमीटरभर आकाराच्या फुग्यांत असतात. फुगा आतलं पाणी बाहेर टाकून ताणलेला राहतो, दाराशी केसाला धक्का लागला की डोळ्याचं पातं लवायच्या आत पाण्यासकट जीव आत ओढतो. सापळ्याला पाणी लागतं, म्हणून पापुद्रा तुटला की या वनस्पतीची शिकारही थांबते.

मग उघडा कातळ. काळा दिसतो तो सायनोबॅक्टेरियांच्या थरामुळे. सोबत दगडफूल, आणि भेगांत ट्रायपोगॉनसारखं गवत, जे वाळून कोळ झालेलं दिसतं आणि पहिल्या पावसात हिरवं होतं. इथे पाणी काही तासच.

कातळापलीकडे माती वीतभर किंवा जास्त झाली की चित्र पालटतं. तेरडा, कवला (पर्यटकांचा मिकी माऊस), सोनकी, चवर, उंच गवतं, आणि टोपली कारवीची झुडपं, जी सात-आठ वर्षांतून एकदा एकगठ्ठा फुलतात. कॅलेंडरवर छापलेला गुलाबी-पिवळा कास तो बहुतेक हा पट्टा. ‘फुलं घटली’ म्हणणारा माणूस बहुधा याच पट्ट्याकडे बघून बोलत असतो. त्याच्याही कडेला, कड्याच्या तोंडावर अंजनी-जांभळीची खुरटी राई लागते. पाइनसारखीच खुरटी, पण कारण उलटं : तिकडे मुळं पाण्याने गुदमरतात, इकडे वाऱ्याने आणि उन्हाळ्याच्या तहानेने खुंटतात.

जाळीने कुठे काय केलं असेल

आता जाळीचा प्रश्न पट्टावार.

खोल मातीत गुरं न चरल्याचा परिणाम अपेक्षित आणि सरळ आहे. उंच गवत कापलं-चरलं गेलं नाही की ऑक्टोबरनंतर आडवं पडतं. वाळलेल्या काड्यांची ती चटई पुढच्या जूनपर्यंत बरीचशी तशीच असते. तिच्याखाली तेरड्या-कवल्याच्या रोपाला पहिले पंधरा दिवस ऊन मिळत नाही, आणि वर्षायूला तेच पंधरा दिवस महत्त्वाचे. शिवाय वाळलं गवत म्हणजे वणव्याला सरपण. तेव्हा या पट्ट्यापुरती गावकऱ्यांची तक्रार आम्हाला खरी वाटते.

पातळ मातीच्या पट्ट्यात चित्र निराळं. तिथे उंच गवत मुळातच येत नाही, कारण चार सेंटिमीटर माती आणि भूक. चराई बंद झाली म्हणून गेंद घटावा याला यंत्रणा सापडत नाही. उलट तिथे शेण पडलं की खत पडतं, त्या थाळीएवढ्या जागेत गवत तरारतं आणि दवबिंदू सावलीत जातो. एखादा खूर उमटला तर त्यात पाणी साचून बियांना उघडा चिखल मिळतो, हेही खरं. पण रोज कळप गेला तर मातीचा पापुद्रा कातळावरून सुटतो, आणि सुटलेली माती एका सरीत वाहून जाते. माणसाच्या बुटाने हेच होतं, जास्त वेगाने. म्हणजे या पट्ट्याला जाळीचा फायदा झाला असेल तर तो गुरं थांबल्यापेक्षा सेल्फी थांबल्याचा.

डबक्यात म्हैस लोळली तर गाळ ढवळतो, कंद उखडतो, शेणाने पाणी हिरवट होतं. गुरं दूर राहिली तर वायतुऱ्याला बरंच. उघड्या कातळाला चराईचं काही सोयरसुतक नाही.

एकच कृती, आणि चार पट्ट्यांत चार निकाल. पठारभराची सरासरी काढली तर ते एकमेकांना खोडतील आणि अहवालात लिहिलं जाईल, ‘लक्षणीय फरक नाही’.

जाळीच्या आत आणि बाहेर नुसती तुलना करूनही भागत नाही. जाळी रस्त्याच्या अनुरोधाने गेली होती. बाहेरच्या बाजूला गुरं होती तशी माणसं, गाड्या, रस्त्यावरून वाहून येणारी खडी आणि धूळही होती. फरक दिसला तर श्रेय कुणाला द्यायचं? आधीच्या वर्षांची चौकटवार (जमिनीवर ठरावीक चौकट टाकून तिच्या आतली) नोंद हाताशी असेल तर गोष्ट वेगळी. फोटोंवर विसंबू नये, कारण फोटो नेहमी बहरलेल्या जागेचाच काढला जातो.

तपासायचं कसं

आधी वनविभागाची लेखी परवानगी. सड्यावर खुंटीसुद्धा तिच्याशिवाय ठोकू नये. मग पट्टे आखा. जुलैच्या मध्यात, सलग पावसात, खळग्याच्या मध्यापासून कडेपर्यंत दोरी ताणा आणि दर मीटरला तीन नोंदी घ्या : पाण्याची खोली (पोलादी पट्टीने), मातीची खोली (६ मिलिमीटरची सळई कातळाला टेकेपर्यंत, एका जागी पाच वेळा, मधला आकडा धरायचा), आणि पृष्ठभाग. सळई जांभ्याच्या भोकात शिरली तर खोटी खोली मिळते, म्हणूनच पाच वेळा. रंगावरून पट्टे आखू नका. रंग पंधरवड्याला बदलतो.

चौकट पीव्हीसी पाइपची, ५० बाय ५० सेंटिमीटर. उंच गवतात १ बाय १ मीटर. प्रत्येक पट्ट्यात किमान चार जोड्या : एक उघडी, एक गुरांपासून राखलेली, दोन्हींतली मातीची खोली आणि ओल सारखी. पाच पट्टे, चार जोड्या, म्हणजे ४० चौकटी. एका चौकटीला वीस-पंचवीस मिनिटं धरली तर दोघांची जोडी दिवसाला बारा-पंधरा करते. तीन दिवस लागतात, धुकं उतरलं तर पाच.

राखलेली जागा २ बाय २ मीटर ठेवून चौकट तिच्या मधोमध घ्या, म्हणजे कडेला मान घालून चरलेलं नोंदीत येत नाही. खांब बांबूचे, कातळावर दगड रचून उभे केलेले. भोक पाडायचं नाही, आणि सिमेंट तर अजिबात नाही. या पाण्यात विरघळलेले क्षार इतके कमी असतात की ओल्या सिमेंटमधून सुटणारा चुना भोवतालची आम्लता बदलून टाकतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या जाळीवरून ठिबकणारं पाणीही शेवाळाला आणि दगडफुलाला बाधतं; काथ्याची किंवा नायलॉनची दोरी पुरते.

प्रत्येक जातीने किती जागा व्यापली ते ब्राउन-ब्लँके श्रेणीत लिहा : ५ टक्क्यांच्या आत १, ५ ते २५ ला २, २५ ते ५० ला ३, ५० ते ७५ ला ४, त्यापुढे ५; एकटंदुकटं रोप अधिकचिन्हाने. रोपं मोजायच्या भानगडीत पडू नका. सीतेच्या आसवांचे देठ गवताला वेढे घालतात, एकच देठ तीनदा मोजला जातो. फेऱ्या चार : जुलैचा मध्य, ऑगस्टअखेर, सप्टेंबरचा तिसरा आठवडा, ऑक्टोबरअखेर. शेवटची फेरी सगळे टाळतात, कारण तेव्हा बघायला काही नसतं. पण बी धरलं की नाही हे तेव्हाच कळतं.

पाण्याच्या दिवसांची नोंद हा या कामाचा कणा, आणि त्याला उपकरण लागत नाही. प्रत्येक पट्ट्यात एक जागा ठरवून जवळच्या वाडीतल्या माणसाकडून रोज एक अक्षर लिहून घ्या : उभं पाणी असेल तर ‘उ’, अंगठा दाबून पाणी उमटलं तर ‘ओ’, नाहीतर ‘को’. जून ते नोव्हेंबर. या कामाची मजुरी द्या, नाहीतर ऑगस्टात वही बंद पडते. पर्जन्यमापक सड्यावरच हवा. साताऱ्याच्या पावसाचे आकडे इथे लावू नयेत. शहरापासून पश्चिमेला जाल तसा पाऊस दुपटीने वाढतो.

हमखास होणाऱ्या चुका

गेंदाच्या जाती. लांबून सगळे पांढरे गोळे सारखे. बारीक फूल सुटं करून आणि बी किमान दहापट भिंगाखाली बघितल्याशिवाय जात सांगू नये. फेरीत न ओळखलेल्याला ‘गेंद क, बारीक, टोपण ४ मिमी’ असं काम चालवायचं नाव द्या. घाईने दिलेलं शास्त्रीय नाव तीन वर्षांनी सगळी तुलना बिघडवतं.

चौकटीची जागा हरवणं. मोबाइलचा जीपीएस तीन-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, आणि चौकट अर्ध्या मीटरची. जांभ्यावरचा रंग एका पावसाळ्यात पुसट होतो. दोन ओळखीच्या धोंड्यांपासून टेपने अंतर घ्या आणि चौकटीसकट फोटो ठेवा.

पाण्याची आम्लता बघायला लिटमस कागद. क्षार नसलेल्या पाण्यात त्याचा रंग नीट ठरत नाही, आणि आम्लता मोजणाऱ्या मीटरचा काटाही बराच वेळ सरकत राहतो. आकडा स्थिरावायला पाच मिनिटं द्या, नाहीतर लिहू नका.

अभ्यासकाचे गुडघे. राखलेल्या चौकटीभोवतीची माती सप्टेंबरात सुटलेली दिसली तर आधी स्वतःकडे बघावं. उघड्या कातळावरून चालत जायचं, पातळ मातीत फळी टाकून फळीवर बसायचं.

आणि घाई. वर्षायूंची संख्या पावसागणिक दुप्पट-निम्मी होते. तीन पावसाळ्यांच्या आत निकाल देऊ नये. टोपली कारवीच्या बहराचं वर्ष मध्ये आलं तर त्या पट्ट्याची नोंद वेगळी ठेवा, कारण बहरानंतर झुडपं वाळतात आणि उघडी पडलेली जागा चराईशी संबंध नसताना भरून येते.

तोवर काय करावं

तीन वर्षं थांबणं व्यवस्थापनाला परवडत नाही, हे मान्य. पट्ट्यांच्या आधारे आजही काही ठरवता येतं. खोल मातीत नोव्हेंबरात बी गळून गेल्यावर गुरं सोडावीत किंवा गवत कापून न्यावं, आणि ते वणव्याचा मोसम लागायच्या आत. ऑगस्ट-सप्टेंबरात पातळ मातीवरून कळप जाऊ नये. त्यासाठी जाळीपेक्षा गुराख्याशी ठरवलेली वाट जास्त चालते, कारण कातळ कुठे आहे हे त्यालाच माहीत असतं. पर्यटकांची पायवाटही कातळावरूनच काढावी.

जाळीच्या वादात एक मोठी गोष्ट बाजूला पडते : वरून येणारा झिरपा. पातळ मातीचा पट्टा वरच्या उतारावरच्या पाण्यावर जगतो. तिथे रस्त्याचा भराव पडला, त्याखाली पाइप कमी पडले, की खालचा पापुद्रा सप्टेंबरऐवजी ऑगस्टात तुटतो, आणि गेंदाला बी धरायला वेळ उरत नाही. पवनचक्क्यांसाठी सड्यांवर रस्ते झाले आहेत, चाळकेवाडीकडे ते दिसतात. तिथे भरावाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला चार-चार चौकटी घातल्या तर हा फरक एका पावसाळ्यातही तपासता येईल. सलग समतल चर हे काम डोंगरउतारावर चांगलं, सड्यावर घातक : कातळ फोडून काढलेला चर झिरपा अडवतो, आणि त्याच्या मातीच्या बांधावर गवत नाहीतर लावलेली झाडं धरतात. फिनलंडच्या पीटभूमीत जे चरांनी केलं, तेच इथे, फक्त दशकांऐवजी एका-दोन पावसाळ्यांत. वृक्षलागवडीचे खड्डे हाही त्याचाच भाऊ. सड्यावर झाड नाही म्हणजे जागा रिकामी आहे, असा समज करून घेणाऱ्याने खड्डा मारण्याआधी जुलैत एकदा तिथे अंगठा दाबून बघावा.